मधुमेही रुग्ण आणि परिचारिका : ताळेबंदात न दिसणारी सेवा



वार्षिक अहवालात आकडे असतात आणि ते असलेच पाहिजेत. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, देणगी किती आली व ती कशी खर्ची पडली, याचा चोख हिशोब देणे हे सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे पहिले कर्तव्य होय. तो हिशोब या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. तथापि रुग्णालयात काही कामे अशी चालतात की त्यांची नोंद जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. मधुमेही रुग्णांसाठी आपल्या परिचारिका जे काम करतात, ते त्यांपैकी एक आहे.

रुग्णालयास भेट देणारे देणगीदार आम्हांस पुष्कळदा विचारतात, ‘मधुमेहाचे औषध डॉक्टर लिहून देतात, ते रुग्ण घरी घेतो, मग बाह्यरुग्ण विभागात या कामासाठी स्वतंत्र परिचारिका कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आपण दिलेल्या पैशांतून परिचारिकेचे वेतन दिले जाते, त्यामुळे तो विचारण्याचा आपणांस अधिकारही आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

रोग जन्माचा, भेट घटकेची

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा व स्थूल माणसांचा रोग, ही समजूत आता टिकणारी नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले आहे की, वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. आपल्या बाह्यरुग्ण विभागात हमाली करणारे, शेतात राबणारे व घरकाम करणाऱ्या भगिनी मधुमेहासाठी येतात, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

मधुमेह बहुधा जन्मभर साथ देतो. त्यावर औषधे आहेत, पण ती रोज, वेळेवर आणि जेवणाशी मेळ घालून घ्यावी लागतात. येथे साधा हिशोब मांडून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. एखादा रुग्ण दर तीन महिन्यांनी नेमाने आला व डॉक्टरांनी त्याला प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे दिली, तर वर्षभरात डॉक्टरांचा सहवास होतो एक तास. उरलेले ८,७५९ तास तो रुग्ण स्वतःच स्वतःचा वैद्य असतो. काय खावे, गोळी चुकली तर काय करावे, रात्री घाम फुटला तर कोणाला उठवावे, हे निर्णय त्याला वा त्याच्या घरच्यांना घ्यावे लागतात. त्या निर्णयांसाठी त्यांना तयार करणे, हेच परिचारिकेचे काम होय.

ही कल्पना नवी नाही

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला मधुमेहावर प्रथम इन्सुलिन देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांचे भवितव्य काही महिन्यांचे, फार तर एक-दोन वर्षांचे असे. औषध सापडले, परंतु ते दररोज टोचून घ्यायचे होते आणि रुग्णाला जन्मभर रुग्णालयात ठेवणे शक्य नव्हते. अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी परिचारिकांना खास प्रशिक्षण देऊन रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना शिकवण्याच्या कामी लावले. औषधाइतकेच शिक्षणही उपचाराचा भाग आहे, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाला पुढे भक्कम पुरावा मिळाला. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर केलेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये जाहीर झाले. त्यातील निम्म्या रुग्णांनी दिवसातून तीन वा अधिक वेळा अथवा पंपाने इन्सुलिन घेतले, साखर वारंवार तपासली, आणि उपचार करणारा चमू त्यांना दरमहा भेटत व मधल्या काळात दूरध्वनी करत राहिला. डोळ्यांच्या पडद्याचा विकार ज्यांना आधी नव्हता, त्यांच्यात तो सुरू होण्याचा धोका या पद्धतीने ७६ टक्क्यांनी घटला. मात्र त्याच गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग जवळजवळ तिपटीने वाढले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचावयास हव्यात. साखर आटोक्यात ठेवल्याने अवयव वाचतात, पण ती आटोक्यात ठेवताना जो धोका येतो तो ओळखण्यास व टाळण्यास रुग्णाला कोणीतरी शिकवावे लागते.

इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. २०२० साली या दिनाचा विषयच ‘परिचारिका आणि मधुमेह’ हा होता.

पहिली भेट : आधी ऐकणे

‘तुम्हांला साखर आहे’ हे वाक्य ऐकल्यानंतर डॉक्टर पुढे जे सांगतात, ते बहुतेकांच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, हा आमच्या परिचारिकांचा अनुभव आहे. म्हणून केसपेपर घेऊन रुग्ण त्यांच्या टेबलाशी येतो तेव्हा त्या लगेच शिकवू लागत नाहीत. आधी विचारतात. घरात कोण कोण आहे, स्वयंपाक कोण करते, कामाच्या वेळा कोणत्या, डबा किती वाजता उघडतो, जवळचा दवाखाना किती लांब, गोळ्यांचा खर्च कोण करते. वरवर पाहता या गप्पाच. परंतु याच गप्पांतून उपचारातील अडचणी उघड होतात.

एक उदाहरण देतो. ते कोणा एकीचे नसून अनेक घरांतील आहे. गृहिणी सकाळी स्वतःसाठी इन्सुलिन टोचून घेते. काही प्रकारचे इन्सुलिन टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासात जेवावे लागते. पण घरातील पुरुषमंडळी, मुले, सासूबाई यांची ताटे झाल्याखेरीज ती पानावर बसत नाही. इन्सुलिन आठ वाजता, जेवण दहा वाजता. मग भांडी घासताना तिला भोवळ येते आणि घरचे म्हणतात, इंजेक्शन सोसत नाही. डोस बरोबर, औषध बरोबर. चुकते ते केवळ ताट वाढण्याची वेळ. अशा वेळी परिचारिका त्या भगिनीला न बोलता सोबत आलेल्या मुलाला वा सासूबाईंना सांगतात, ‘आजी, इंजेक्शन झाले की यांचे ताट आधी वाढायचे. हे औषधच आहे असे समजा.’ सासूबाईंनी एकदा मनावर घेतले की जे काम चार चिठ्ठ्यांनी होत नाही ते होऊन जाते.

आहाराबाबतही हाच मार्ग. ‘भात बंद, गोड बंद, फळे बंद’ अशी यादी हाती दिली तर रुग्ण आठ दिवस ती पाळतो व नवव्या दिवशी सोडून देतो. त्याऐवजी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने परिचारिका रोजच्याच ताटात फेरफार सुचवतात. भाताची मूद लहान, भाजी व उसळ जास्त, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी बेताने, चहातील साखर हळूहळू कमी. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, आणि तेच जेवण घरातील इतरांनाही हितकारक ठरते.

इन्सुलिनची सुई : भीती आणि रीत

इन्सुलिन म्हणजे अखेरचा उपाय, एकदा सुरू झाले की रोग हाताबाहेर गेला, अशी समजूत घरोघरी आढळते. परिचारिका प्रथम तिच्याशी झुंज देतात. मग येते सुईची भीती. आजकालच्या सुया अतिशय बारीक असून पेनसाठीची केवळ ४ मि.मी. लांबीची सुई बहुतेक प्रौढांना पुरेशी असते. पहिली सुई रुग्णाने परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने घ्यावी असा आमच्याकडे रिवाज आहे. ‘काका, मी करून दाखवले, आता तुम्ही करा, मी बघते,’ असे म्हणून सिस्टर बाजूला उभ्या राहतात. समजले का, असे विचारल्यास सर्वजण मान डोलावतात. हातून करवून घेतले म्हणजेच काय समजले ते कळते.

यात बारकावे किती आहेत, याची कल्पना बाहेरील व्यक्तीस क्वचितच असते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा प्रति मि.लि. ४० युनिट या प्रमाणाचे असते व त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. पेनमधील इन्सुलिन प्रति मि.लि. १०० युनिटचे असते व त्या प्रमाणाच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. १०० युनिटचे इन्सुलिन ४० युनिटच्या सिरिंजमध्ये भरले, तर खुणेवर दिसते त्याच्या अडीचपट औषध शरीरात जाते. उलट घडले तर निम्म्याहूनही कमी. औषधाच्या दुकानातून घाईत कोणतीही सिरिंज घेतली जाऊ नये म्हणून परिचारिका रुग्णाची पिशवी टेबलावर उघडून पाहतात. हे त्यांचे कुतूहल नसून दक्षता आहे.

रोज एकाच जागी टोचत राहिल्यास तेथे चरबीची गाठ येते व औषध नीट शोषले जात नाही. ही गाठ दिसण्यापेक्षा हाताला अधिक लागते. म्हणून परिचारिका पोटावर व मांडीवर हात फिरवून पाहतात आणि जागा बदलण्याचा क्रम आखून देतात. दुधाळ दिसणारे इन्सुलिन जोराने न हलवता तळहातांमध्ये हलके घोळवावे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. वापरात काढलेली बाटली सुमारे चार आठवड्यांनी टाकून द्यावी. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांना मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू व त्यात लहान मडके ठेवून औषध थंड राखण्याची रीत दाखवली जाते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून रुग्णालयात परत आणाव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला त्या लागणार नाहीत.

घरच्या ग्लुकोमीटरचेही तसेच. आंबा चिरलेल्या बोटाने तपासणी केली तर यंत्र भलताच आकडा दाखवते. हात धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचावे, ही साधी बाब सांगितल्याने कित्येकांची घबराट टळते.

साखर उतरते तेव्हा

रक्तातील साखर ७० मि.ग्रॅ. च्या खाली जाणे ही तातडीची बाब असते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडीत भूक, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर वर आली की थोडे खाण्यास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये व तत्काळ रुग्णालयात आणावे. जे रुग्ण व्होग्लिबोज वा अकार्बोज या गोळ्या घेतात, त्यांना साध्या साखरेने लवकर गुण येत नाही. त्यांच्याजवळ ग्लुकोजची पूड असणे जरूर आहे. कोणाच्या चिठ्ठीत ही गोळी आहे हे पाहून परिचारिका त्यांना पुडी खिशात ठेवण्यास बजावतात.

उपवासांचा विषय येथेच येतो. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांपैकी काही ना काही घरोघरी असते. ‘उपवास करू नका’ असे सांगितले की रुग्ण उपवास सोडत नाही, सांगणे सोडतो. मग दिवसभर पोट रिकामे, गोळी मात्र नेहमीची. आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी व रताळी. साखर आधी घसरते, मग उसळते. म्हणून परिचारिका आधीच विचारतात की उपवास कोणता, निर्जळी की फराळाचा, आणि ती माहिती डॉक्टरांपुढे ठेवून त्या दिवसाचा डोस ठरवून घेतात. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या रुग्णांशी हीच चर्चा महिनाभर आधी होते. तपासणीसाठी बोटातून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक धर्मपंडितांचे मत असल्याचे सांगितल्यावर अनेकांचा संकोच दूर होतो. श्रद्धेचा मान राखून प्रकृती सांभाळणे, हा आपल्या संस्थेचा शिरस्ता आहे.

पायांची तपासणी

मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. चपलेत खडा शिरला, उन्हात तापलेल्या फरशीवर पाय पोळला, तरी समजत नाही. रक्तपुरवठाही कमी असल्यास लहानशी जखम चिघळते आणि प्रकरण बोट वा पाय कापण्यापर्यंत जाते. कमावत्या माणसाचा पाय गेला म्हणजे एका कुटुंबाचा आधार गेला.

हा अनर्थ टाळण्याचे साधन अगदी साधे आहे. नायलॉनच्या एका जाड धाग्याने, जो टेकवून वाकला की १० ग्रॅमचा दाब पडतो, परिचारिका तळपायाच्या ठरावीक जागा तपासतात. रुग्ण डोळे मिटून ‘लागले’ वा ‘नाही’ सांगतो. नंतर कंपन करणाऱ्या चिमट्याने संवेदना व बोटांनी पायाची नाडी पाहतात. सारी तपासणी काही मिनिटांची. परंतु त्यासाठी रुग्णाने चपला-मोजे काढावे लागतात, कोणीतरी खाली बसून त्याचे पाय हातात घ्यावे लागतात. गर्दीच्या दिवशी हेच प्रथम राहून जाते. आपल्या परिचारिका ते राहू देत नाहीत, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे.

सोबत सल्ला असतो. रोज रात्री पाय उजेडात पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा. पाणी किती गरम ते पायाने नव्हे, कोपराने पाहा. नखे सरळ कापा. कुरुपावर ब्लेड चालवू नका. घरातही अनवाणी फिरू नका. अंगठ्याच्या चपलेऐवजी मऊ तळाची, मागे पट्टा असलेली एम.सी.आर. चप्पल वापरा आणि नवे पादत्राण संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात.

आळंदी वा देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० कि.मी. चालणाऱ्या वारकऱ्यांमध्ये मधुमेहीही असतात. वारीपूर्वी येणाऱ्या अशा माउलींचे पाय तपासणे, रोजच्या चालण्यामुळे साखर उतरू नये म्हणून डॉक्टरांकडून डोस ठरवून घेणे, गोळ्यांची, मोज्यांची व ग्लुकोजची पिशवी बांधून देणे, हे काम परिचारिका मनापासून करतात. ‘वारीला जाऊ नका’ असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ‘पाय सांभाळून जा व परत आल्यावर दाखवून जा’ असे म्हणतात.

वॉर्डात, प्रसूतिकक्षात, शाळेत

आंतररुग्ण विभागात जबाबदारी वेगळी असते. स्वयंपाकघरातून ताट निघण्यास उशीर झाला तर इन्सुलिनची वेळ पुढे न्यावी लागते. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाच्या औषधात डॉक्टरांच्या आज्ञेने बदल करावा लागतो. इन्सुलिनचा डोस दोन परिचारिकांनी पडताळून मगच दिला जातो. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्याचा दंडक आहे, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते व १० चे १०० होऊ शकतात. २०२१ च्या कोरोना लाटेत स्टेरॉइडमुळे साखर भडकलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने ग्रासल्याचे महाराष्ट्राने पाहिले. वॉर्डात दिवसातून अनेकदा साखर तपासण्याचे मोल तेव्हा सर्वांनाच पटले.

गरोदर स्त्रियांची साखर तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केली जाते. ज्यांना त्या काळात मधुमेह आढळतो, त्यांची साखर प्रसूतीनंतर बहुधा पूर्ववत होते, आणि त्यामुळेच पुढील तपासणी विसरली जाते. वास्तविक अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी बाळाच्या लसीकरणाच्या वेळी आईचीही तपासणी व्हावी, याकडे परिचारिका लक्ष पुरवतात. लहान मुलांच्या मधुमेहात शाळेतील बाईंशी बोलणे, डब्याची वेळ व खेळाचा तास यांची सांगड घालून देणे, हेही त्यांच्याकडेच असते. मुलगी असेल तर ‘हे कोणाला कळू देऊ नका, उद्या लग्न जमायचे नाही’ ही आईची विनवणीही त्यांनाच ऐकावी लागते. लपून घेतलेली सुई एखाद्या दिवशी चुकते आणि या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन चुकणे जिवावर बेतते, हे त्या माउलीला न दुखावता समजावणे कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकाने पुरते शिकवता येणार नाही.

परिचारिका डॉक्टरांची जागा घेत नाहीत, हेही येथे स्पष्ट करणे उचित होईल. निदान, औषधाची निवड व डोस हे निर्णय डॉक्टरांचेच. परिचारिका त्या निर्णयासाठी लागणारी खरी माहिती पुरवतात आणि तो निर्णय रुग्णाच्या घरात अमलात येईल असे पाहतात.

हिशोबाची दुसरी बाजू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परिचारिकेने अर्धा तास समजावून सांगितले, याचे बिल होत नाही. जमेच्या बाजूस काही येत नाही. खर्चाच्या बाजूस मात्र वेतन पडते. निव्वळ आकडे पाहणाऱ्यास हा विभाग तोट्याचाच दिसेल. वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो की प्रत्येक नावेला जमा असते. येथे जमा आहे, ती रुग्णाच्या घरी. न कापलेला पाय, न गेलेली दृष्टी, डायलिसिसवाचून गेलेली वर्षे, न बुडालेली मजुरी व सावकाराकडे गहाण न पडलेले दागिने, ही ती जमा. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासातून २००० साली दिसून आले की, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी १ टक्क्याने खाली येते, तेव्हा डोळे, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळतो.

कायद्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. हे दायित्व आम्ही कर्तव्यभावनेने पाळतो. परंतु गरीब रुग्णाला विनामूल्य खाट देऊन पाय कापण्यापेक्षा, त्याच्यावर त्या खाटेवर येण्याची पाळीच येऊ न देणे, हा अधिक मोठा धर्म नव्हे काय?

देणगीदारांचा कल स्वाभाविकच यंत्रसामग्रीकडे असतो. यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लावता येते. परिचारिकेच्या वेळेवर पाटी लावता येत नाही. शिवाय यंत्र जागेवर राहते. अनुभवी परिचारिका मात्र शासकीय नोकरी वा परदेशाच्या संधीने जातात आणि त्यांच्यासोबत अनेक कुटुंबांची ओळखही जाते. त्या राहाव्यात, नव्या परिचारिकांना त्यांनी शिकवावे, आणि या टेबलावरची परिचारिका अन्य वॉर्डातील कमतरता भरण्यासाठी हलवावी लागू नये, यासाठी नियमित निधी हवा. विश्वस्त मंडळाने अंदाजपत्रकात या पदाचा स्वतंत्र विचार करावा व देणगीदारांनी एखाद्या परिचारिकेच्या वर्षाच्या वेतनाचा वा प्रशिक्षणाचा भार उचलावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे की, तपासणीस येताना सर्व औषधे, सिरिंज व ग्लुकोमीटर पिशवीतून आणावे. घरी जो स्वयंपाक करतो त्याला सोबत आणावे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंड व पाय तपासले गेले की नाही, हे सिस्टरांना आवर्जून विचारावे. आणि घरातील मधुमेही माणूस पथ्य मोडतो म्हणून चारचौघांत त्याला बोलू नये. रोज, सुट्टीविना पथ्य पाळणे थकवणारे असते. त्याला शिपायापेक्षा सोबत्याची गरज अधिक असते.

आपल्या परिचारिका हे सोबत्याचे काम शांतपणे करीत आहेत. ते अखंड चालू राहावे यासाठी आपले सहकार्य लाभेल, असा विश्वास वाटतो.